रेसकोर्सवर दिवसभर: दिसायला छान आणि पायाला न चावणारी चप्पल कोणती घ्यावी?

झुळूक

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी ही घोड्यांची मोठी शर्यत असते. यंदा नवऱ्याच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी आम्हा दोघांना बोलावलंय, तेही मेंबरांच्या बाजूला. रेसकोर्स मला माहीत आहे तो सकाळी ट्रॅकसूट घालून चालायला जाणाऱ्यांचा. घोडे धावतात तेव्हा तिथे काय वातावरण असतं याची काहीच कल्पना नाही. फोटोंत बघते तर बायका टोप्या, गाऊन, उंच टाचा अशा थाटात दिसतात.

कपड्यांचं बघून घेईन. प्रश्न पायांचा आहे. माझा चवडा रुंद आहे, टोकदार बुटात करंगळी चेंगरते. शिवाय सकाळी उठल्यावर टाच दुखते. सपाट चपलेत टाच दुखते, उंच टाचेत चवडा जळतो. दुपारपासून संध्याकाळपर्यंत तग धरेल आणि चारचौघांत लाज वाटणार नाही असं काय घ्यावं? लग्नाच्या हॉलमध्ये चालणारं तिथे चालतं का?

चौखूर

हॉलशी तुलना नको. हॉलमध्ये तुम्ही एकदा खुर्चीत बसलात की जेवणापर्यंत उठत नाही. इथे उलटं असतं. दर अर्ध्या तासाच्या आसपास एक रेस. त्याआधी पॅडॉकपाशी जायचं, तिथे घोडे गोल फिरवून दाखवतात. जॉकी स्वार झाले की तिथून पैसे लावायला टोटच्या खिडकीवर नाहीतर बुकींच्या रिंगमध्ये. मग धावत स्टँडमध्ये, नाहीतर हिरवळीवरून रेलिंगपाशी. रेस संपली की जिंकलेला घोडा परत येताना बघायचा, आणि लगेच पुढच्या रेसचे घोडे पॅडॉकमध्ये. हे चक्र दुपारभर. पैसे न लावणारे निवांत बसतील असं वाटतं, पण पहिल्यांदा आलेला माणूस एका जागी बसत नाही हे मी बरीच वर्षं बघतोय.

डर्बी स्वतः २४०० मीटरची, म्हणजे जेमतेम अडीच मिनिटांची. बाकीचे चार-पाच तास तुमच्या पायांची रेस.

जमीन तीन-चार प्रकारची लागते: गवत, फरसबंदी, स्टँडच्या पायऱ्या आणि पार्किंगपासूनचा रस्ता. जी चप्पल या सगळ्यांवर चालेल ती घ्या. हिरवळीला रोज पाणी घालतात, त्यामुळे वरून कोरडी दिसली तरी खालची माती मऊ असते.

आलेपाक

पेन्सिल हील बाद. हिशेबच करून दाखवते. साठ किलोची बाई चालताना टाच टेकवते त्या क्षणी जवळजवळ सगळं वजन त्या एका टाचेवर येतं. पेन्सिल हीलचं टोक धरा १ चौरस सेंटीमीटर. म्हणजे साठ किलो त्या एवढ्याशा टोकावर. चार बाय चारची चौकोनी टाच असेल तर क्षेत्रफळ १६ चौरस सेंटीमीटर, दर चौरस सेंटीमीटरला चार किलोपेक्षा कमी. पहिली टाच ओल्या हिरवळीत केकमधल्या मेणबत्तीसारखी रुतते, दुसरी वर राहते. रुतलेली टाच उपसताना बाई पुढे जाते आणि चप्पल मागे राहते. हे दृश्य बघणाऱ्यांना आवडतं, म्हणून तर सगळे रेलिंगपाशी उभे असतात. (हलकं घ्या.)

ब्लॉक हील, म्हणजे ती जाड चौकोनी टाच, उंची ५ सेंटीमीटरच्या आत, घोट्याला पट्टा. विषय संपला.

गुपचूप_वाचक

विषय संपला म्हणणाऱ्यांच्या धाग्यावरच शंभर प्रतिसाद होतात. वाचतोय.

टाचणी

व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

झुळूक, सकाळी पहिली पावलं टाकताना दुखतं आणि मग कमी होतं, असं असेल तर पूर्ण सपाट चप्पल तुमच्यासाठी वाईटच. तीन-चार सेंटीमीटरची टाच तुम्हाला सपाटपेक्षा बरी वाटेल. पण सारखी दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, धाग्यावर इलाज शोधू नका.

दुकानात सगळे टाचेची उंची बघतात. खरं बघायचं ते टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक. टाच ८ सेंटीमीटरची आहे, पण चवड्याखालीही ३ सेंटीमीटरचा प्लॅटफॉर्म आहे, तर पायाला जाणवणारा चढ ५ चाच. तीच ८ ची टाच पातळ सोलवर असेल तर सगळा भार चवड्यावर. तुमचा चवडा जळतो तो याने. मात्र प्लॅटफॉर्म फार जाड आणि ताठ असेल तर खालची जमीन पायाला कळत नाही आणि खड्ड्यात घोटा मुरगळतो. वेजचंही (टाचेपासून चवड्यापर्यंत सलग जाड सोल) तसंच. गवतात रुतत नाही हे खरं, पण पायऱ्या उतरताना सांभाळा.

खरेदी संध्याकाळी करा. दिवसभरात पाय सुजतो, सकाळी बरोबर बसलेली चप्पल पाच वाजता घट्ट होते, आणि डर्बीही दुपार कलल्यावरच धावते. दोन्ही पाय मोजून घ्या. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, माप त्याचं घ्यायचं. लहान पायाला आतून पातळ पॅड लावता येतं, मोठ्या पायाला काही करता येत नाही. उभं राहून बघा, बसून नको. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. रुंद चवड्याला गोल किंवा चौकोनी पुढा. "घातल्यावर सैल होईल हो मॅडम" हे वाक्य ऐकलं की उठायचं. लेदर थोडं सैल होतं, रेक्झिन होत नाही.

आणि नवी चप्पल त्याच दिवशी पहिल्यांदा नको. घरात, मग भाजी आणायला, मग तासभर सलग, अशी वापरून घ्या. कुठे घासते ते कळलं की त्या जागी जायच्या दिवशी आधीच मायक्रोपोरची (कागदी चिकट) पट्टी लावा. फोड आल्यावर लावून उपयोग नाही, पट्टीचं काम घर्षण आधी अडवण्याचं आहे.

नारळीभात

कोणी विचारलंच नाही, झुळूक साडी नेसणार की ड्रेस घालणार? त्यावर अर्धं उत्तर आहे.

झुळूक

मनात साडीच आहे. आईची जांभळी पैठणी. गाऊन-टोपीत मी मला ओळखू येणार नाही. साडी चालते ना तिथे?

टाचणी, तुमचा प्रतिसाद सेव्ह केला. चढाचं गणित कोणत्याच दुकानात कोणी सांगितलं नव्हतं.

चौखूर

साडी चालते म्हणजे काय, डर्बीला साड्या भरपूर असतात आणि गर्दीत उठून दिसतात. पहिली इंडियन डर्बी १९४३ ची, जिंकली बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुलने. तेव्हा स्टँडमध्ये बसलेल्या राजघराण्यांतल्या बायका काही सगळ्या गाऊनमध्ये नसतील.

मेंबरांच्या बाजूला पोशाखाची अट असते. जीन्स, हाफ पँट, रबरी स्लिपर असलं काही घालून जाऊ नका. पासासोबत सूचना येते ती दोघांनीही वाचा. दारावर परत पाठवलं की बूट कितीही आरामदायी असले तरी उपयोग नाही.

नारळीभात

मग माझं ऐक. साडी चप्पल घालूनच नेसायची, हे आपल्याकडे आज्यांपासून सगळ्या सांगतात. निऱ्यांची उंची चपलेवर ठरते. इथे लोक हमखास सल्ला देतील की पर्समध्ये सपाट चप्पल ठेव आणि पाय दुखले की बदल. ड्रेसवर उत्तम. साडीवर अजिबात नको! पाच सेंटीमीटरची टाच काढून सपाट घातलीस की तेवढाच काठ जमिनीला लागणार. पैठणीचा काठ, तोही ओल्या हिरवळीवर आणि घोड्यांच्या वाटेवर. शिवाय निऱ्या पायात येऊन पायरीवर पडायची सोय.

म्हणून साडीला एकच उंची ठरवायची आणि तीच दिवसभर पाळायची. दुसरा जोड न्यायचाच असेल तर त्याच उंचीचा, पण वेगळ्या घडणीचा. पट्टे वेगळ्या जागी असले तर घासण्याची जागा बदलते, पायाला आराम पडतो. आणि पट्ट्यावर टिकल्या, खडे, मेटलची फुलं नकोत, निरी त्यात अडकते आणि रेशमाचा धागा ओढला जातो. बक्कल बाहेरच्या बाजूला आणि गुळगुळीत.

आलेपाक

निऱ्यांचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. सपाट चप्पल पर्समध्ये ठेव असं लिहिणारच होते.

रंकाळाकाठ

एवढं सगळं चाललंय आणि कोल्हापुरीचं नाव कोणी काढत नाही, याचा निषेध. पैठणीवर कोल्हापुरीसारखं दुसरं काही नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने आमच्या चपलेची नक्कल चालवली, तेव्हा सगळ्यांना अचानक प्रेमाचं भरतं आलं होतं. आता डर्बीला कोणी घालत नाही?

टाचणी

प्रेम आहे, पण झुळूकची टाच दुखते. कोल्हापुरी जवळजवळ सपाट आणि कडक, टाचेखाली काहीच मऊ नाही. पाच तास उभं राहायला तिच्यासाठी नाही. ज्यांचे पाय ठणठणीत आहेत आणि ज्यांना सवय आहे त्यांनी खुशाल घालावी.

रंकाळाकाठ

सवय हाच मुद्दा आहे. नवी कोरी चावते, जुनी लोण्यासारखी होते. तेलाचा हात देऊन, रोज थोडी वापरून मऊ करायची. कापशी प्रकारच्या कोल्हापुरीचे कान मोठे असतात, ते पायाच्या कडेला लागतात, सवय नसलेल्याने साधी घ्यावी.

बाकी आमच्याकडची अडचण प्रामाणिकपणे सांगतो: पाणी. हे चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं. भिजलं की तळ फुगतो आणि मग आकार जातो. महालक्ष्मीला फेब्रुवारीत पाऊस नाही, पण हिरवळ ओली असेल तर त्यावर तासभर उभं राहू नका. फरसबंदीवर राजासारखं फिरा. आणि घेताना खऱ्या चामड्याचीच घ्या. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. रस्त्यावर मिळणारी रेक्झिनची ती कोल्हापुरी नव्हे.

यारा_किनारी

मेलबर्नहून. आमच्याकडे हा प्रश्न दर नोव्हेंबरात राष्ट्रीय पातळीवर चर्चेला येतो. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी फ्लेमिंग्टनला मेलबर्न कप, ३२०० मीटर, १८६१ पासून चालू. शहराला चक्क सुट्टी. तुमचं महालक्ष्मी आमच्या कॉलफील्ड रेसकोर्सच्या धर्तीवर बांधलंय, त्यामुळे सल्ला द्यायचा थोडा हक्क आहे असं समजते.

सकाळी ट्रेनमध्ये बघावं तर एकेक पाऊल नजाकतीने. संध्याकाळी त्याच बायका बूट हातात घेऊन, अनवाणी नाहीतर रबरी चपला घालून स्टेशनकडे निघालेल्या. इथे यात कोणाला काही वाटत नाही. आमच्या मराठी मंडळातल्या बायका मात्र शेवटपर्यंत बूट काढत नाहीत, घरी येऊन गरम पाण्यात पाय.

एक वस्तू सुचवते. टाचेवर चढवायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, खालून पसरट. बारीक टाच त्यामुळे गवतात कमी रुतते. मुंबईतही ऑनलाइन मिळतील. पण दोन गोष्टी. टोपी टाचेच्या मापाची हवी, सैल असेल तर गवतातच राहते. आणि गुळगुळीत पायऱ्यांवर ती घसरते, तिथे काढून ठेवा. ज्यांना बारीक टाचच घालायची आहे त्यांच्यासाठी ही तडजोड आहे. झुळूकने ब्लॉक हीलच घ्यावी.

फॅशनचं इतकं दडपण घेऊ नका हेही सांगते. १९६५ मध्ये जीन श्रिम्प्टन ही मॉडेल फ्लेमिंग्टनला तिथल्या व्हिक्टोरिया डर्बीच्या दिवशी गुडघ्यावरचा झगा घालून आली, टोपी नाही, हातमोजे नाहीत, स्टॉकिंग्ज नाहीत. गहजब झाला. पुढे तसे झगे सगळ्याच घालू लागल्या.

एम्प्रेसच्या_मागे

पुण्याचा सीझन कोणाच्या खिजगणतीत नाही हे पाहून आनंद झाला. गर्दी तेवढीच कमी.

ज्यांना पुण्यात जायचं असेल त्यांच्यासाठी: इथे रेस जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे ऐन पावसात. वरचे सगळे सल्ले पावसाळ्यात बदलतात. स्वेड (लवदार चामडं) आणि कापडी वरचा भाग बाद. चामड्याचा गुळगुळीत सोल ओल्या गवतावर घसरतो, खाली नक्षीचा रबरी सोल हवा. वेज घ्यायचा तर कॉर्क किंवा ज्यूटचा नको, ज्यूट पाणी पितं आणि दोन दिवस वाळत नाही. पांढरा रंग कोणी घालत असेल तर त्यांच्या आशावादाला नमस्कार.

घरून निघण्याआधी मैदानाचा अंदाज घ्यायची एक सोपी युक्ती आहे. रेसच्या दिवशी ट्रॅक किती नरम आहे ते पेनेट्रोमीटरने मोजतात आणि आकडा जाहीर करतात. तो घोडेवाल्यांसाठी असतो, पण आकडा मोठा म्हणजे माती मऊ, हे आपल्यालाही कळतं. मी त्यावर बूट ठरवतो.

चौखूर

हे भारी आहे. आणि तसंही तिथे सगळ्यात काटेकोर पादत्राणं घोड्यांचीच. सरावाला लोखंडी नाल, रेसला अ‍ॅल्युमिनियमची हलकी. पायाखाली थोडे ग्रॅम कमी झाले तरी शेवटच्या दोनशे मीटरमध्ये फरक पडतो असं ट्रेनर मानतात. आपण पाच तास चालायचे आणि चप्पल घेताना वजन हातात तोलूनही बघत नाही.

गुपचूप_वाचक

आता बोलतो. झुळूकताईंच्या नवऱ्याचं काय? आम्हा पुरुषांना कोणी विचारत नाही. ऑफिसचे काळे बूट घालून जावं का? सूट घालायचा म्हणजे तेच ना?

एम्प्रेसच्या_मागे

ऑफिसचे बूट एसीमध्ये टेबलाखाली असतात. त्यांना उन्हात पाच तास उभं करून बघा.

पुरुषांचे लेसचे बूट दोन जातीचे. ऑक्सफर्डमध्ये लेसच्या दोन्ही पट्ट्या बंद असतात, पाय सुजला तर जागा देत नाहीत. डर्बी (शर्यत नव्हे, बुटाचंही हेच नाव) मध्ये पट्ट्या वरून शिवलेल्या आणि मोकळ्या, लेस सैल केली की पाय श्वास घेतो. जाडा पाय, उंच कमान, दिवसभर उभं राहणं, या सगळ्याला डर्बी. सोल रबराचा. चामड्याचा असेल तर चांभाराकडून खाली पातळ रबर लावून घ्या, शंभर ठिकाणी होतं. लोफर घालणार असाल तर टाच उचलत नाही ना ते पायऱ्या चढून बघा, सपाट जमिनीवर ते कळत नाही.

मोजे जाड नकोत, सुतीही नकोत, घाम धरून ठेवतात. पातळ लोकरी किंवा मिश्र धाग्याचे, पोटरीपर्यंत. सुटात बसल्यावर नडगी दिसणं हे डर्बीला सोडा, कुठेच शोभत नाही.

रंकाळाकाठ

सूट नको असेल तर बंदगळा आणि मोजडी. फक्त मोजडीचा मागचा भाग टाचेला करवतीसारखा लागतो, तिथे आतून मऊ चामड्याचा तुकडा चिकटवून घ्या. जुन्या पद्धतीच्या मोजडीत डावं-उजवं नसतं, वापरून वापरून ठरतं. म्हणजे महिनाभर आधी घ्या, आदल्या दिवशी नको.

झुळूक

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी (टाचणीच्या सांगण्यावरून) दादरला जाऊन आले. सोनेरी, पण चकाकणारा नाही असा फिका रंग. टाच चौकोनी, साडेचार सेंटीमीटर, चवड्याखाली एक सेंटीमीटरचा सोल, म्हणजे चढ साडेतीन. पुढून गोल, घोट्याला पट्टा, बक्कल बाहेर. दुकानदाराला चढ मोजून मागितला तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं की बास.

नवऱ्याने धागा वाचला. तो म्हणतो त्याचे ऑफिसचे बूट छान आहेत. त्याचं तो बघेल.

दोन शंका राहिल्या. आत जेलचं पॅड घालू का? आणि रेसकोर्सवरून आल्यावर फिक्या सोनेरी चपलेवर गवताचे डाग पडले तर?

टाचणी

पूर्ण तळवाभर जेल नको, उंची वाढते आणि पाय पट्ट्यातून वर येतो. तुम्हाला टाचेखाली छोटं पॅड पुरेल, चवड्याला लागलंच तर पातळ. पॅड घालूनच चप्पल वापरून बघा, पट्ट्याचं भोक बदलावं लागेल. आणि हो, पॅडने दोन-तीन मिलिमीटर वाढले तर निऱ्यांना फरक पडत नाही, नाहीतर नारळीभात मला ओरडेल.

नारळीभात

ओरडणार नाही. पण पॅड घालूनच नेस.

यारा_किनारी

डागांचं: आल्या आल्या ओल्या फडक्याने घासू नकोस, चिखल आणि हिरवा रंग आत मुरतो. रात्रभर सावलीत वाळू दे, आत वर्तमानपत्राचे बोळे घाल. सकाळी सुक्या मऊ ब्रशने झाड, बहुतेक निघून जाईल. उरलेल्या हिरव्या डागाला कोमट पाण्यात थेंबभर शांपू, फडकं पिळून, आधी आतल्या बाजूला लावून बघ. मेटॅलिक रंगाला स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावशील तर सोनं निघून येईल. टाचेवरचं चामडं सोलवटलं तर ते घरी चिकटवू नकोस, चांभाराकडे दे.